मराठी-इंग्रजी दोन्हींत टाइप करणाऱ्यांनी लॅपटॉपचे शॉर्टकट कसे लावावेत

प्रश्न असा आला आहे: "नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज ११ आहे. दिवसभर वर्डमध्ये इंग्रजी कागदपत्रांचा मराठी अनुवाद करते. एफ२, एफ४ दाबलं की आवाज नाहीतर ब्राइटनेस बदलतो. भाषा बदलायला गेले की भलताच कीबोर्ड येतो. होम आणि एंडची बटणं तर सापडतच नाहीत. माझ्या सोयीचे शॉर्टकट कसे लावू आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, सुरुवात शॉर्टकटच्या यादीपासून करू नका. शंभर-शंभर शॉर्टकटचे तक्ते मिळतात, लोक छापून भिंतीवर लावतात, आणि त्यातले बहुतेक कधी हाताखाली येत नाहीत. तुमची यादी तुमच्या प्रश्नातच आहे. जिथे हात अडतो तेवढंच दुरुस्त करायचं. मात्र क्रम पाळा. बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत मध्ये तीन टप्पे असतात: कीबोर्डचं हार्डवेअर, विंडोजमधला भाषेचा कीबोर्ड आणि शेवटी वर्डसारखा प्रोग्रॅम. पहिले दोन ठरवल्याशिवाय वर्डमध्ये शॉर्टकट बसवत बसलात तर महिन्याभरात सगळं उपटून पुन्हा लावावं लागेल.

एफ२ दाबल्यावर आवाज कमी होणं हा बिघाड नाही. बहुतेक कंपन्या हल्ली वरची रांग आवाज, ब्राइटनेस, माइक यांसाठी ठेवूनच लॅपटॉप पाठवतात आणि खरं एफ२ हवं असेल तर एफएन धरून दाबावं लागतं. सिनेमे बघणाऱ्याला ते ठीक आहे. एक्सेलमध्ये सेल दुरुस्त करायला एफ२, सूत्रातला सेल डॉलरच्या चिन्हाने पक्का करायला एफ४, वर्डमध्ये आधीचीच कृती पुन्हा करायला एफ४ आणि 'सेव्ह ॲज'साठी एफ१२ ज्याला लागतं, त्याला नाही. एस्केपच्या बटणावर बारीक कुलूप किंवा 'एफएन लॉक' छापलंय का बघा. असेल तर एफएन धरून एस्केप एकदा दाबा. रांग उलटी होईल आणि तशीच राहील. छापलेलं नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावं लागेल. लॅपटॉप सुरू होतानाच एचपीला एफ१०, डेलला एफ२, लेनोव्होच्या थिंकपॅडला एफ१ आणि आयडियापॅडला एफ२ दाबत राहायचं. आत एचपीमध्ये 'ॲक्शन कीज मोड' आणि लेनोव्होमध्ये 'हॉटकी मोड' असं नाव असतं. ते बंद करायचं. बाकी कशाला हात लावू नका. आणि जाण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का, ते बघून ठेवा. एवढ्याशा बदलाला ती सहसा मागितली जात नाही. पण मागितली आणि हाताशी नसली तर काम तिथेच अडकतं.

एफएनच्या बटणाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे पुढची खटपट वाचेल. हे बटण बहुतेक लॅपटॉपांत विंडोजपर्यंत पोचतच नाही, कीबोर्डमागची चिप ते आतल्या आत निकालात काढते. त्यामुळे "एफएनच्या जागी कंट्रोल करून द्या" अशी मागणी कुठलंही सॉफ्टवेअर पुरी करू शकत नाही. थिंकपॅडसारख्या काही यंत्रांत या दोघांची अदलाबदल बायोसमध्ये दिलेली असते. ती नसेल तर विषय सोडून द्यायचा.

आता भाषा. तुमचा खरा वेळ इथे जातोय.

"भलताच कीबोर्ड येतो" याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा एकच असतं: यंत्रात दोन नव्हे, तीन-चार कीबोर्ड बसलेले असतात. इंग्लिश युनायटेड स्टेट्स, इंग्लिश इंडिया, मराठी, आणि कधीतरी कुणीतरी करून बघितलेला मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी लिहायचा). विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की ही पूर्ण रांग एकामागून एक फिरते, आणि आपण कुठे थांबलो हे उजव्या कोपऱ्यात बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी सफाई. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन'. प्रत्येक भाषेसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'लँग्वेज ऑप्शन्स' उघडा आणि नको ते कीबोर्ड काढून टाका. इंग्रजीचा एक आणि मराठीचा एक, बस्स. इंग्रजीपैकी इंडिया ठेवा असं मी सांगेन, कारण त्यात उजवं ऑल्ट धरून ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह ₹ येतं, आणि खरेदीखतांच्या अनुवादात ते पानोपानी लागतं.

मराठीचा कोणता ठेवायचा, हा वाद इथे नको. हात ज्याला सरावलेत तो ठेवा. २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १० अपडेटपासून फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, त्यासाठी वेगळं काही उतरवावं लागत नाही. दिवसाला पानंच्या पानं उतरवणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्ट (यादीत नुसतं 'मराठी' नाव असलेला कीबोर्ड) शिकावा, या मतावर मी ठाम आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

सफाई झाल्यावर फिरतं बटण सोडा आणि थेट बटण लावा. सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', आणि तिथे खाली 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'. जुन्या विंडोजच्या वळणाची एक लहान चौकट उघडेल. त्यात प्रत्येक कीबोर्डची स्वतंत्र ओळ असते. मराठीची ओळ निवडून 'चेंज की सीक्वेन्स' दाबा, 'एनेबल'वर खूण करा आणि डावं ऑल्ट, शिफ्ट आणि १ अशी जोडी द्या. इंग्रजीला तीच जोडी २ या आकड्याबरोबर. फरक काय पडतो? फिरत्या बटणाला आत्ता आपण कुठे आहोत हे आधी ठाऊक असावं लागतं. थेट बटणाला नाही. मराठीत असताना मराठीचं बटण पुन्हा दाबलं तरी मराठीच राहते. फोन घेऊन, चहा पिऊन परत बसलात की कोपऱ्यात न बघता जोडी दाबायची आणि लिहायला लागायचं. अनुवादात एका वाक्यात चार वेळा भाषा बदलते (कलमाचा क्रमांक, कंपनीचं नाव, पुन्हा मराठी), तिथे हा फरक संध्याकाळी डोळ्यांना जाणवतो.

त्याच चौकटीत सगळ्यात वरच्या ओळीत नुसत्या डाव्या ऑल्ट-शिफ्टने आणि कंट्रोल-शिफ्टने भाषा बदलायची सोय असते. ती दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करून टाका. वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली सरकवायला ऑल्ट-शिफ्ट आणि बाण वापरतात. बाण दाबायचं राहिलं की भाषाच उलटते आणि माणूस कीबोर्डला शिव्या घालतो.

कंट्रोल-शिफ्टचा पर्यायही तिथे दिसेल, पण आकड्यांच्या जोड्या त्यावर देऊ नका. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ आणि कंट्रोल-शिफ्ट-२ या जोड्या आधीच घेतलेल्या आहेत. त्यांनी न दिसणारी दोन चिन्हं उमटतात: पहिल्याने जोडाक्षरातलं अर्धं रूप धरून ठेवणारं, दुसऱ्याने पाय मोडलेला दाखवून अक्षरं सुटी ठेवणारं. मराठीत पहिल्याचा वापर पुष्कळ झालाय तो 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतल्या र साठी. खरं तर त्याची गरज नाही. इनस्क्रिप्टवर 'दुसऱ्या' असं टाइप करा: ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, तिरकी रेघ, ई. शिफ्ट-जे म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, डी म्हणजे पायमोडकं चिन्ह. झाला तो र तयार. पण अनेक जुन्या फायलींत हाच शब्द साधा र, पायमोड आणि ते न दिसणारं चिन्ह अशा पद्धतीने लिहिलेला असतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आतून वेगळे. मग 'फाइंड'मध्ये 'दुसऱ्या' शोधलं की पानावर डोळ्यांसमोर असलेला शब्द वर्डला 'सापडत नाही'. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या "वर्ड बिघडलं" तक्रारी अशाच असतात. तुम्ही सगळीकडे शिफ्ट-जे वालाच ठेवा, आणि पक्षकाराकडून आलेल्या फायलीत 'रिप्लेस'ने एकदा एकसारखं करून घ्या.

काही यंत्रांवर थेट जोड्या रीस्टार्टनंतर उडतात. तसं झालं तर 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये तळाशी 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' आहे, त्यात 'कॉपी सेटिंग्ज'वर जा आणि वेलकम स्क्रीनवर खूण करून ओके द्या. बहुतेकदा टिकतं. नाहीच टिकलं तर पुढे कॅप्स लॉकचा उपाय आहे.

इतकं करूनही कर्सर दुसऱ्या ओळीत ठेवल्यावर कीबोर्ड आपोआप बदलत असेल, तर दोष विंडोजचा नाही, वर्डचा. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, 'एडिटिंग ऑप्शन्स' आणि त्यात आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कीबोर्ड आपोआप बदलण्याची एक खूण असते. ती काढा. हे सोयीसाठी दिलंय हे खरं, पण दोन भाषा एकाच ओळीत लिहिणाऱ्याला ते नुसतं अडवतं. उलट, 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'मधली प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड ठेवण्याची खूण जरूर लावा. वर्डमध्ये मराठी, ब्राउझरमध्ये इंग्रजी, आणि शोधपट्टीत 'हेूग' छापाचं काहीतरी उमटायचं थांबेल.

मराठी कीबोर्ड चालू असताना शॉर्टकट चालतात का, असं बऱ्याच जणांना वाटतं. कंट्रोलचे बहुतेक चालतात. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एस यांसाठी विंडोज बटणाची जागा बघतं, त्यावर मराठी म आहे की न याच्याशी त्याला घेणं नसतं. ऑल्ट धरून मेन्यूचं अधोरेखित अक्षर दाबायच्या शॉर्टकटचं तसं नाही. तिथे अक्षर बघितलं जातं, आणि मराठी कीबोर्डवर ते अक्षरच येत नसल्यामुळे काही प्रोग्रॅम नुसते टिंग वाजवून गप्प बसतात. म्हणून स्वतःचे शॉर्टकट शक्यतो कंट्रोलवर आधारलेले ठेवा.

त्याला एक अपवाद. कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र धरणं विंडोजच्या लेखी उजवं ऑल्ट दाबण्यासारखंच असतं. म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-४ ला तुम्ही एखादं काम नेमून दिलं की रुपयाच्या चिन्हाशी भांडण लागू शकतं. कंट्रोल-शिफ्ट आणि एखादं अक्षर, किंवा कंट्रोल आणि एफ-रांगेतलं मोकळं बटण, हे सुरक्षित.

होम-एंडचं बघू. लहान लॅपटॉपवर ही बटणं सहसा बाणांवर दडवलेली असतात: एफएन आणि डावा बाण म्हणजे होम, उजवा म्हणजे एंड, वर-खाली म्हणजे पेज अप आणि पेज डाउन. आठवडाभर मुद्दाम वापरून बघा, बहुतेकांच्या हातात बसतं. नाहीच बसलं तर मायक्रोसॉफ्टचंच 'पॉवरटॉइज' नावाचं मोफत साधन आहे. त्यातल्या 'कीबोर्ड मॅनेजर'मध्ये एका बटणाला दुसऱ्या बटणाचं किंवा जोडीचं काम देता येतं, आणि एखादी जोडी फक्त वर्डपुरती लागू करता येते. मी ते तीन ठिकाणी वापरा म्हणेन, जास्त नाही.

पहिलं कॅप्स लॉक. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, तरी हे बटण डाव्या करंगळीखालची मोक्याची जागा अडवून बसलंय. 'रीमॅप अ की'मध्ये कॅप्स लॉक निवडा आणि समोर विंडोज-स्पेस ही जोडी द्या. दोनच कीबोर्ड ठेवलेत ना, मग एका टिचकीत मराठी, दुसऱ्या टिचकीत इंग्रजी. थेट जोड्यांइतकं बिनचूक नाही, पण जोड्या टिकत नसतील तर उत्तम. इंग्रजी मथळे कॅपिटलमध्ये लागले तर वर्डमध्ये आधी लिहून मग शिफ्ट-एफ३ दाबायचं.

दुसरं कोपायलटचं बटण, तुमच्या लॅपटॉपवर असेल तर. २०२४पासून आलेल्या बऱ्याच यंत्रांत त्याने उजव्या कंट्रोलची किंवा मेन्यूच्या बटणाची जागा घेतली आहे. ते आतून डावं विंडोज, डावं शिफ्ट आणि एफ२३ अशी जोडी पाठवतं. कीबोर्डवर एफ२३ नसतंच, पण विंडोजला ते माहीत आहे. पॉवरटॉइजमध्ये 'रीमॅप अ शॉर्टकट'मध्ये जाऊन ते बटण दाबा, ही जोडी आपोआप दिसेल, आणि समोर मेन्यूचं बटण द्या. लाल रेघ आलेल्या शब्दावर कर्सर ठेवून ते दाबलं की माउसला हात न लावता पर्याय समोर येतात. बटण नसेल तर शिफ्ट-एफ१० तेच काम करतं.

तिसरं म्हणजे होम-एंड, हवं असेल तर.

पॉवरटॉइजची मर्यादा समजून घ्या: ते मागे चालू असेल तोवरच हे सगळं चालतं. लॉगिनच्या पडद्यावर चालत नाही, आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतही नाही, जोवर पॉवरटॉइज स्वतः तसं उघडत नाही. विंडोज-एल आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट या दोन जोड्या कुणालाच बदलता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. यापुढे जाऊन 'ऑटोहॉटकी'मध्ये स्क्रिप्ट लिहिणारे लोक आहेत. ताकदीचं साधन आहे, पण ज्याला स्क्रिप्ट दुरुस्त करता येते त्यानेच त्या वाटेला जावं.

आता कुठे वर्ड. फाइल, ऑप्शन्स, 'कस्टमाइझ रिबन', आणि खाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स'समोर 'कस्टमाइझ'. आत जायच्या आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा, नाहीतर त्या चौकटीत मराठी अक्षर नोंदलं जाण्याची शक्यता असते. डावीकडे यादीत तळाला 'स्टाइल्स' आहे. तुमच्या कामात शॉर्टकट सगळ्यात जास्त तिथे फळतात: मथळा, कलम, उपकलम, साक्षीदारांची ओळ, यांच्या स्टाइल करून प्रत्येकीला एक जोडी. जोडी दाबल्यावर 'करंटली असाइन्ड टु' अशी ओळ येते, ती वाचल्याशिवाय 'असाइन' दाबू नका. तिथे एखादं नाव दिसलं तर ती जोडी आधीच कुणाची तरी आहे आणि तुम्ही ती हिसकावताय.

मजकूर घालण्यासाठी मात्र शॉर्टकट लावू नका. अनुवादक हटकून तेच करतात, 'प्रतिज्ञापत्र'ला एक जोडी, 'कुलमुखत्यारपत्र'ला दुसरी, आणि पंधराव्या जोडीला डोकं थांबतं. त्यासाठी ऑटोटेक्स्ट आहे. नेहमीचा परिच्छेद निवडा, ऑल्ट-एफ३ दाबा, त्याला लहानसं नाव द्या, समजा 'कुमु', आणि गॅलरी म्हणून ऑटोटेक्स्ट निवडा. पुढच्या वेळी 'कुमु' लिहून एफ३ दाबलं की अख्खा परिच्छेद, त्याच्या मांडणीसकट, हजर. नाव मराठीत ठेवलंत तर कीबोर्डही बदलावा लागत नाही. वरची रांग आधी सरळ करून घ्यायला सांगितलं ते यासाठीच.

विंडोजचे तयार शॉर्टकट म्हणाल तर दोनच सांगतो. टास्कबारवर वर्ड पहिला, ब्राउझर दुसरा, शब्दकोशाची फाइल ज्यात उघडते तो प्रोग्रॅम तिसरा, असे पिन करून ठेवा. विंडोज-१, विंडोज-२, विंडोज-३ ने थेट त्यात जाता येतं. दुसरा विंडोज-व्ही. पहिल्यांदा दाबल्यावर चालू करायचं का विचारतो, हो म्हणा. मग शेवटचे पंचवीस कॉपी केलेले तुकडे हाताशी राहतात आणि लागतील ते पिन करता येतात. पण तुमच्याकडे लोकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक असलेले कागद येतात. म्हणून दुसऱ्या यंत्रांशी सिंक करण्याचा पर्याय बंदच ठेवा आणि काम संपल्यावर 'क्लिअर ऑल' करा.

शेवटी हे सगळं जपून ठेवायचं कसं. वर्डमधले शॉर्टकट आणि ऑटोटेक्स्ट सहसा 'नॉर्मल' नावाच्या टेम्प्लेट फायलीत साठतात; स्टाइल मात्र करताना 'न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट' निवडलं तरच तिथे जाते, नाहीतर त्या एका फायलीपुरती राहते. लॅपटॉप फॉरमॅटला देण्याआधी ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या, दुरुस्ती करणारा फक्त 'माय डॉक्युमेंट्स' उचलतो आणि ही मागे राहते. ती कुठे आहे हे कळत नसेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डच्या तळाशी 'फाइल लोकेशन्स' आहे, तिथे 'यूजर टेम्प्लेट्स'समोर तिचा पत्ता लिहिलेला असतो. पॉवरटॉइजच्या 'जनरल' पानावर बॅकअपची सोय आहे, तोही त्याच पेनड्राइव्हवर. भाषेच्या जोड्यांचा एका क्लिकचा असा बॅकअप नसतो. त्या कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत टाका, नव्या यंत्रावर हाताने लावायला पाच मिनिटं पुरतात.